चार बोटं वर

मीटरखोलीत, पाण्याच्या पंपामागे
अठरा वर्षं टेकून उभी होती.
सोसायटीची नोटीस फिरली: बेवारस वाहने भंगारात जातील.
मी सही केली, आणि ‘बेवारस’ या शब्दावर
पेन जरा जोरातच ओढलं.

उन्मेषची माउंटन बाइक.
जांभळी, अर्धी सोलवटलेली.
मस्कतला फोन केला तर म्हणाला,
“आहे अजून? टाकून दे गं, वीस किलोचं धूड.”
बाथरूमच्या काट्यावर वजन केलं,
आधी माझं, मग आम्हा दोघींचं.
पंधरा किलो सातशे.
वरचे चार त्यानं तिकडे बसून चढवले असणार.

चेन डिझेलमध्ये भिजली, श्रीखंडाच्या डब्यात.
पेडलच्या आसातून छर्रे निघाले एकवीस,
एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला दहा.
बाविसावा गॅलरीच्या पन्हळीतून गेला
की कारखान्यातच कुणी मोजायला चुकलं?
तीन दिवस हाच विचार.
मग एक नवा घातला, जुन्यांच्या पंगतीत.
गुट्ट्यांचे टायर उतरवले, गुळगुळीत चढवले.
चिखल नको आता, अंतर हवं.

पण सीटचा दांडा
हलेना.
उन्मेष माझ्याहून चार बोटं बुटका,
सीट त्याच्या मापाची.
सोळाव्या वर्षी चोरून चालवायचे मी,
गुडघे हँडलला आपटत.
वर करायची नाही, ही ताकीद होती,
आणि मी केली नाही, याचंच आता नवल वाटतं.
त्याच मापावर अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद
गंजून एकजीव झालेले.

दिवा गावात, खाडीच्या अंगाला, हसुराम मढवीची शेड.
आधी होड्यांची इंजिनं, आता येईल ते.
दांड्याला टिचकी मारून त्यानं कान लावला.
आठ दिवस तेल पाजलं. मग अमोनिया. मग गरम हवा.
नवव्या दिवशी सायकल उलटी करून
दांडा वाइसमध्ये आवळला, म्हणाला, “धर चिमटा.”
घाण्याच्या बैलांसारखे फिरलो आम्ही दोघं, फ्रेम ढकलत.
काही नाही.
काही नाही.
मग एक आवाज निघाला,
किंचाळी आणि जांभई यांच्या मधला,
आणि होडीवरची मांजर उठून चालती झाली.

दांड्यावर एक पांढरट वर्तुळ,
उन्मेषच्या उंचीचं.
कानस समोरच होती.
मी ग्रीस मागितलं.
आता ते वर्तुळ उघड्यावर असतं,
क्लॅम्पच्या चार बोटं वर.

पिशव्या फ्लेक्सच्या शिवल्या,
खांबावर विसरलेल्या एका भावी नगरसेवकाच्या.
चेहरा आतल्या बाजूला घेतला.
तंबूसाठी हात घातला की
त्याचे जोडलेले हात लागतात.

रविवारी पहाटे भार चढवून पाहिला:
पाच किलो तांदूळ, दोन पेव्हर ब्लॉक, पाणी,
आणि बेलापूरला पारसिक हिलचा चढ.
पुढचं सर्वांत लहान चक्र, बावीस दात.
फिरायला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं
मला आरामात मागे टाकलं,
वर “सावकाश हो” असंही म्हणाले.
माथ्यावर पोचले तेव्हा ऐकू आलं: टक.
पेडलच्या दर फेरीला एक.
सगळं आवळलं. टक.
हसुरामला फोन लावला.
“येतंय ना आवाज? येव दे.
बंद झाला का मना फोन कर.”

पुढच्या महिन्यात करंजाहून रेवसची बोट, सायकलसकट,
मग समुद्र उजव्या हाताला ठेवून
जमेल तितकं दक्षिणेला.
उन्मेषला अजून सांगितलेलं नाही.

बाविसावा छर्रा परवा सापडला,
माझ्याच चपलेच्या तळव्यात रुतलेला.
दोन महिने चालत होते त्याच्यावर,
ऐरोलीभर.
एकदाही वाजला नाही.